डीएलसी घ्यायची की थांबायचं: किंमत पारखण्याची पूर्ण पद्धत

एखाद्या गेमची डीएलसी, म्हणजे मूळ गेमला जोडून वेगळा मिळणारा जादा भाग, घ्यावी का, हा विचार बहुतेक जण किमतीपासून सुरू करतात. महाग आहे का, सेल लागलाय का, किती टक्के सवलत आहे. मी सुरुवात दुसरीकडून करायला सांगेन: तुमचा सेव्ह, म्हणजे गेममध्ये जपून ठेवलेली तुमची प्रगती, आज कुठे आहे? डीएलसी मूळ गेमवर उभी असते. मूळ गेम तुम्ही जिथवर खेळलात तिथून ती किती लांब आहे, यावर तिची तुमच्यापुरती किंमत ठरते. ८० टक्के सवलतीत घेऊन कधीच न उघडलेली डीएलसी महागच पडली. पूर्ण किमतीला घेतलेली, पण महिनाभर रोज रात्री खेळलेली डीएलसी स्वस्त पडली. पुढचा सगळा हिशेब या एका गोष्टीवर बेतलेला आहे.

आधी आत काय आहे ते बघा

एप्रिल २००६ मध्ये बेथेस्डा कंपनीने 'द एल्डर स्क्रोल्स ४: ऑब्लिव्हियन'साठी घोड्याचं चिलखत विकायला काढलं. एक्सबॉक्स ३६० वर त्याची किंमत होती २०० मायक्रोसॉफ्ट पॉइंट्स, म्हणजे अडीच डॉलर. घोडा दिसायला रुबाबदार झाला, खेळात जवळजवळ काहीच बदललं नाही. खेळाडू चिडले आणि 'घोड्याचं चिलखत' हे निरर्थक डीएलसीचं टोपणनाव होऊन बसलं, ते आजही टिकून आहे. पुढच्याच वर्षी त्याच गेमसाठी 'शिव्हरिंग आइल्स' आली, ३० डॉलरला. एक संपूर्ण नवा प्रदेश, स्वतःची वेगळी कथा, नवी पात्रं, नवे शत्रू. बारापट महाग, आणि तरी लोक आजही तिचं नाव प्रेमाने घेतात.

म्हणून दुकानाच्या पानावर डीएलसीचं वर्णन वाचताना पहिल्यांदा वर्गवारी करा. नवी कथा आणि नवा प्रदेश देणारं एक्स्पान्शन ही एक जात. नवं पात्र, नवा नकाशा, नवी गाडी देणारे पॅक ही दुसरी. कपडे, स्किन आणि रंग ही तिसरी. साउंडट्रॅक आणि आर्टबुकही त्याच यादीत बसवलेले असतात. त्यांची आवड असेल तर जरूर घ्या, पण ते खेळायचं काही नाही हे लक्षात ठेवून. शेवटची जात म्हणजे अनुभवाचे गुण किंवा सोनं आयतं देणारे, वेळ वाचवणारे पॅक. ज्या गेममध्ये खेळायचा वेळ वाचवण्यासाठी पैसे मोजावेसे वाटतात, तो गेमच बदलावा असं माझं ठाम मत आहे. त्या जातीबद्दल यापुढे काही लिहीत नाही.

वर्णनात नुसते आकडेच असतील, '३० हून अधिक नव्या वस्तू' असं काही, आणि कुठली जागा, कुठलं पात्र, कसला प्रसंग यांचा पत्ता नसेल, तर एखाद्या खेळाडूचा विनासंपादन व्हिडिओ दहा मिनिटं बघा. कंपनीचा ट्रेलर नव्हे.

याच टप्प्यावर फुकट काय मिळतंय तेही तपासा. 'हॉलो नाइट'ला २०१७ आणि २०१८ मध्ये चार मोठे भाग फुकट मिळाले. 'द विचर ३'ला १६ छोट्या डीएलसी फुकट होत्या. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी: अॅन एन्शंट एपिक'ची सुधारित आवृत्ती गेम आधीच घेतलेल्यांना फुकट अपडेट म्हणून दिली. बरेचदा गेम अपडेट केला की नवं काहीतरी खेळायला आपोआप मिळतं आणि मग विकतच्या डीएलसीची घाई उरत नाही.

आता तुमचा सेव्ह तपासा

याला सगळ्यात मोठं उदाहरण 'एल्डन रिंग'चं. त्याची 'शॅडो ऑफ द एर्डट्री' २१ जून २०२४ ला आली, ३९.९९ डॉलरला. विकत घेतली, डाउनलोड केली, गेम सुरू केला, तरी नव्या प्रदेशात जाता येत नाही. आधी स्टारस्कर्ज राडान आणि 'लॉर्ड ऑफ ब्लड' म्हणवला जाणारा मोह, हे दोन बॉस (मोठे, बलाढ्य शत्रू) हरवावे लागतात. यातला मोह मुख्य कथेच्या वाटेवर येतच नाही. तो मोहग्विन पॅलेस या आडबाजूच्या जागी असतो आणि तिथे पोहोचायचं तर एक तर एका पात्राची उपकथा पुरी करावी लागते, नाही तर बर्फाळ प्रदेशातलं एक लपलेलं दार शोधावं लागतं. त्याला हरवल्यावर तिथल्या कोषातून बाहेर लोंबणाऱ्या वाळलेल्या हाताला स्पर्श केला की मग डीएलसी सुरू होते.

डीएलसी आली तेव्हा स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर मोहला हरवल्याचं अचीव्हमेंट (टप्पा गाठल्याची नोंद) निम्म्याहून कमी खेळाडूंकडे होतं. म्हणजे ज्यांच्याकडे गेम होता त्यांतल्या बहुसंख्यांसाठी पहिल्या दिवशी ती डीएलसी म्हणजे बंद दार होतं. शिवाय ती कठीण आहे. नुकताच खेळ सुरू केलेल्याने सेलमध्ये दोन्ही एकत्र घेतलं, तर डीएलसीचे पैसे कित्येक आठवडे पडून राहतात आणि तेवढ्यात पुढचा सेल येतो.

अचीव्हमेंटची ही युक्ती कुठल्याही गेमला वापरता येते. स्टीमवर प्रत्येक गेमच्या जागतिक अचीव्हमेंटचं पान असतं, तिथे किती टक्के लोकांनी कुठला टप्पा गाठला ते दिसतं. शेवटच्या बॉसचं किंवा शेवटच्या प्रकरणाचं अचीव्हमेंट शोधा. ते १५-२० टक्क्यांवर अडलं असेल, तर तो गेम बहुतेक जण अर्ध्यात सोडतात. तुम्ही वेगळे असाल, पण मग आधी गेम पूर्ण करा.

प्रत्येक गेमची अट वेगळी असते. 'मॉन्स्टर हंटर: वर्ल्ड'च्या 'आइसबोर्न'साठी मूळ कथा संपवावी लागते. 'सायबरपंक २०७७'ची 'फँटम लिबर्टी' पॅसिफिका भागातली वूडू बॉइजची मोहीम झाल्यावर सुरू होते, मात्र नवा खेळ सुरू करताना थेट तिथे उडी मारायचीही सोय आहे. 'विचर ३'ची दोन्ही एक्स्पान्शन तयार पातळीच्या गेराल्टला, म्हणजे गेमच्या नायकाला, घेऊन स्वतंत्रपणे सुरू करता येतात. तेव्हा 'ही डीएलसी कधी सुरू करता येते' एवढं शोधून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे आणि यावर निम्मा निर्णय होतो.

यंत्रही बघा. 'फँटम लिबर्टी' पीसी, पीएस५ (प्लेस्टेशन ५) आणि एक्सबॉक्स सिरीजवर आली, पीएस४ आणि एक्सबॉक्स वनवर आलीच नाही. मूळ गेम जुन्या कन्सोलवर चालतो म्हणून डीएलसीही चालेल, असं धरून चालू नका.

तासाचा भाव आणि तो कुठे फसतो

गेमर मंडळींत तासाला किती पडले हा हिशेब सर्रास होतो. 'विचर ३'वर तो चोख बसतो. 'हार्ट्स ऑफ स्टोन' २०१५ मध्ये ९.९९ डॉलरला आली. गेम बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्ट रेडने सुमारे १० तासांचा खेळ सांगितला होता. २०१६ ची 'ब्लड अँड वाइन' १९.९९ डॉलरची, सुमारे २० तासांची. दोन्हींचा भाव तासाला एक डॉलर. दोन्हींचा एकत्र पास २४.९९ डॉलरला होता, म्हणजे सुटं घेण्यापेक्षा पाच डॉलर कमी. 'ब्लड अँड वाइन'मधला तूसॉंचा तो उन्हात न्हालेला प्रदेश, द्राक्षमळे, गेराल्टला मिळणारं स्वतःचं घर, हे सगळं २० डॉलरला. डीएलसीच्या किमतीची चर्चा निघाली की लोक आजही याच जोडीचा दाखला देतात, आणि ते रास्तच आहे.

पण हाच भाव सगळीकडे लावला की फसगत होते. 'कपहेड'ची 'द डिलिशस लास्ट कोर्स' जून २०२२ मध्ये ७.९९ डॉलरला आली. हात बसलेला खेळाडू ती एका शनिवारात संपवू शकतो. तासाच्या भावाने ती महाग दिसते. पण त्यातला प्रत्येक बॉस हाताने, एकेक चित्र काढून साकारलेला आहे आणि मिस चॅलिस हे नवं पात्र घेऊन मूळ गेमच्या सगळ्या पातळ्याही खेळता येतात. ती दोनदा उडी मारू शकते, तिला एक हृदय जास्त मिळतं. त्यामुळे जुना गेमही नव्याने खेळावासा वाटतो. उलट कित्येक डीएलसी तीच ती कामं पुन्हा करायला लावून ४० तास भरतात. तिथे तासाचा भाव छान दिसतो आणि खेळताना कंटाळा येतो.

म्हणून मी तासांच्या जोडीला आणखी दोन गोष्टी बघतो. डीएलसीत मिळालेलं मूळ गेममध्ये परत आणता येतं का? आणि तेवढ्याच पैशांत माझ्या विशलिस्टमधला कुठला अख्खा नवा गेम येतो? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. 'शॅडो ऑफ द एर्डट्री'ची किंमत मूळ गेमच्या ५९.९९ डॉलरच्या दोन तृतीयांश आहे हे जाहीर झालं तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. मूळ गेमशी तुलना केली तर ती महाग वाटते हे खरं. पण ४० डॉलरच्या दुसऱ्या कुठल्याही गेमशेजारी ठेवली, तर एवढा मोठा नकाशा आणि एवढ्या लढाया देणारे गेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघतील. ज्याचा सेव्ह तयार होता त्याच्यासाठी ती रास्त भावाची होती.

आवृत्त्यांचा गुंता सोडवा

स्टँडर्ड, डीलक्स, अल्टिमेट, सीझन पास (पुढे येणाऱ्या डीएलसींचे एकत्र, आगाऊ पैसे), कम्प्लीट. एका गेमचे पाच-पाच भाव. इथे कागद-पेन घ्या आणि दोन रकाने करा: डावीकडे तुमच्याकडे आज काय आहे, उजवीकडे तुम्हाला नेमकं काय हवं आहे. समजा, मूळ गेम तुमच्याकडे आहे. हवी असलेली कथेची डीएलसी सुटी १,५०० रुपयांना आहे. डीलक्सला वर चढायचं अपग्रेड २,००० रुपयांना आहे, त्यात तीच डीएलसी, चार पोशाख आणि आर्टबुक. पोशाख उजव्या रकान्यात नसतील, तर जादाचे ५०० रुपये नको असलेल्या वस्तूंना जातात. आता सेलमधली कम्प्लीट आवृत्ती बघा. कधीकधी ती १,२०० रुपयांना मिळते, सुट्या डीएलसीपेक्षाही कमी, आणि मूळ गेम पुन्हा घ्यावा लागला तरी ती परवडते. विचित्र वाटेल, पण जुन्या झालेल्या गेमांमध्ये हे वरचेवर दिसतं, कारण सवलत आवृत्तीवर मोठी असते आणि सुट्या भागांवर लहान. स्टीमवरच्या बऱ्याच बंडलमध्ये तुमच्याकडे असलेल्या वस्तू वगळून उरलेल्यांचेच पैसे लागतात, म्हणून लॉगिन करूनच भाव बघा.

भावाचा इतिहास बघायला 'इज देअर एनी डील'सारखी संकेतस्थळं आहेत. आजवरचा सर्वांत कमी भाव तिथे दिसतो. डीएलसी विशलिस्टमध्ये टाकून ठेवली की सवलतीची सूचनाही येते.

सीझन पासबद्दल माझं धोरण साधं आहे: आत काय येणार ते नावानिशी जाहीर झाल्याशिवाय घ्यायचा नाही. 'बॅटमॅन: आर्खम नाइट'चा पास २०१५ मध्ये ३९.९९ डॉलरला जाहीर झाला, तेव्हा आत काय असेल याचं वर्णन अगदी मोघम होतं आणि खेळाडूंनी त्यावर उघड नाराजी दाखवली. त्याच वर्षी 'स्टार वॉर्स: बॅटलफ्रंट'च्या ६० डॉलरच्या गेमला ५० डॉलरचा पास होता. तिथे दुखणं वेगळं होतं. मल्टिप्लेअर, म्हणजे अनेकांनी एकत्र खेळायच्या, गेममध्ये विकतचे नकाशे खेळाडूंची विभागणी करतात. ज्यांनी घेतले ते एका रांगेत, ज्यांनी नाही घेतले ते दुसऱ्या. काही महिन्यांनी विकतच्या नकाशांवर सामना मिळायला वाट बघावी लागते. २०१७ मध्ये आलेल्या 'बॅटलफ्रंट २'मध्ये असा पास काढूनच टाकला. जुन्या मल्टिप्लेअर गेमचा नकाशा-पॅक स्वस्तात दिसला, तर आज तिथे किती जण खेळतात ते आधी बघा. माणसंच नसतील तर नकाशा काय कामाचा.

जिथे डीएलसी संपतच नाहीत

पॅराडॉक्स या कंपनीचे इतिहासावरचे डावपेचाचे गेम आणि 'द सिम्स ४' यांचं गणित वेगळं आहे. 'सिम्स ४'चा मूळ गेम ऑक्टोबर २०२२ पासून फुकट आहे, पण एक्स्पान्शन पॅक ३९.९९, गेम पॅक १९.९९, स्टफ पॅक ९.९९ आणि किट ४.९९ डॉलर अशी उतरंड आहे. सगळं घ्यायला गेलात तर नवा कन्सोल येईल. इथे 'सगळं मिळून किती' हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण सगळं कुणालाच लागत नाही. मूळ गेम महिनाभर खेळा. खेळताना ज्या गोष्टीची उणीव पुन्हा पुन्हा भासते, मग ती पाळीव प्राणी असोत की बदलणारे ऋतू, तेवढा एक पॅक सेलमध्ये घ्या.

पॅराडॉक्सच्या गेममध्ये दोन सोयी आहेत आणि नव्या माणसाला त्या सहसा ठाऊक नसतात. पहिली: मल्टिप्लेअरमध्ये सामना भरवणाऱ्याकडे असलेल्या डीएलसी त्या सामन्यापुरत्या सगळ्यांना चालतात. 'स्टेलॅरिस' किंवा 'हार्ट्स ऑफ आयर्न ४' खेळणारा चौघांचा गट असेल, तर प्रत्येकाने सगळं विकत घ्यायची गरज नाही. वर्गणी काढून एकाच्या खात्यावर घ्या आणि सामना त्याने भरवावा. दुसरी: काही गेमना मासिक वर्गणी आहे. 'युरोपा युनिव्हर्सालिस ४'ची २०२१ मध्ये सुरू झाली तेव्हा महिन्याला ४.९९ डॉलर होती. दिवाळीच्या सुट्टीत महिनाभर बुडून खेळणाऱ्याला वर्गणी परवडते, वर्षभर आठवड्याला एक संध्याकाळ देणाऱ्याला निवडक दोन-तीन डीएलसी. शिवाय नव्या डीएलसीबरोबर येणाऱ्या पॅचमधले (अपडेटमधले) बरेच बदल सगळ्यांना फुकट मिळतात. ते खेळून बघा, मग बाकीचं ठरवा.

दुकान, देश आणि डिस्क

डीएलसी ज्या दुकानातून मूळ गेम घेतला त्याच दुकानाची लागते. एपिक या ऑनलाइन दुकानावर फुकट मिळालेल्या गेमला स्टीमच्या सेलमधली डीएलसी लागू होत नाही. एपिक दर आठवड्याला गेम फुकट देतं, त्यामुळे हा घोळ आपल्याकडे फार होतो. फुकट गेम आवडला आणि त्याच्या बऱ्याच डीएलसी हव्या असतील, तर दोन्ही दुकानांतले भाव पाहून कधीकधी मूळ गेम स्टीमवर पुन्हा घेणं स्वस्त पडतं. सेव्ह फाइल हलवता येते का, ते मात्र आधी शोधा.

प्लेस्टेशनवर प्रश्न डिस्कचा. भावाने दुबईहून किंवा मावशीने अमेरिकेहून आणलेली डिस्क इथल्या कन्सोलवर चालते, पण भारतीय खात्यावरून घेतलेली डीएलसी तिला लागेलच असं नाही, कारण डिस्क आणि डीएलसी एकाच विभागाच्या असाव्या लागतात. डिस्कच्या खोक्याच्या कडेवर 'सीयूएसए' (पीएस५ असेल तर 'पीपीएसए') आणि पुढे पाच आकडे छापलेले असतात. प्लेस्टेशन स्टोअरवर त्या डीएलसीचं पान ब्राउझरमध्ये उघडा आणि पत्त्यातल्या लांबलचक क्रमांकात तेच आकडे आहेत का ते जुळवा. जुळले तर घ्या, नाही तर थांबा. परदेशात राहणाऱ्या आणि सुट्टीत इथून डिस्क नेणाऱ्यांनाही हाच नियम उलट बाजूने लागू आहे.

स्टीमवर २०१५ पासून रुपयांत भाव दिसतात, तेव्हा डॉलरची किंमत गुणून अंदाज बांधू नका, इथला भाव पुष्कळदा कमी असतो. परदेशी दुकानात डॉलरमध्ये पैसे द्यायचे असतील, तर कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधी चालू करावे लागतात. विनिमयाचा जादा आकारही धरा.

परतावा मिळेल अशा बेताने घ्या

स्टीमचा नियम असा: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत, आणि डीएलसी घेतल्यानंतर मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर पैसे परत मागता येतात. आतली वस्तू वापरून संपवलेली नसावी. खेळावर परत न फिरवता येणारा परिणाम करणाऱ्या काही डीएलसींना परतावा नसतो, तसं पानावर लिहिलेलं असतं. यात नीट बघायची गोष्ट म्हणजे ते दोन तास डीएलसीचे नसून मूळ गेमचे मोजले जातात. डीएलसी घेतली आणि ती सुरू होण्याआधी उरलेल्या दोन मोहिमा खेळत बसलात, तर तिचा पहिला प्रसंग दिसायच्या आत मुदत संपते. म्हणून आधी सेव्ह डीएलसीच्या दारापर्यंत आणून ठेवा, दीड तास मोकळा असेल तेव्हाच विकत घ्या आणि लगेच आत शिरा. पहिल्या तासात खेळ अडखळतोय का, भाषा आणि कंट्रोलर नीट चालतो का, गंमत येते का, एवढं कळतं.

प्लेस्टेशनवर १४ दिवसांची मुदत आहे, पण डाउनलोड सुरू केलं की परतावा साधारणपणे मिळत नाही. खरेदी केल्याबरोबर कन्सोल आपोआप डाउनलोड सुरू करू शकतो, म्हणून सेटिंगमधलं आपोआप डाउनलोड बंद ठेवा. घरातल्या मुलांच्या हातात कन्सोल असेल, तर खरेदीला पासवर्ड लावणं हे काम आजच करा.

किती दिवस टिकेल

विकत घेतलेली डीएलसी काढून घेतली जाऊ शकते. 'डेस्टिनी २'मध्ये नोव्हेंबर २०२० ला गेम बनवणाऱ्या बंजीने जुने ग्रह आणि 'रेड वॉर'सह सुरुवातीच्या मोहिमा गेममधून काढल्या. त्यांत लोकांनी पैसे देऊन घेतलेली 'कर्स ऑफ ओसायरिस' आणि 'वॉरमाइंड' होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'फोरसेकन'ची मोहीमही गेली. सतत ऑनलाइन राहणाऱ्या गेमची डीएलसी घेताना ती या वर्षी खेळण्यासाठीच घ्यावी, साठवणीसाठी नाही.

दुकानंही बंद होतात. निन्टेन्डोच्या थ्रीडीएस आणि वी यू या कन्सोलच्या दुकानांतली खरेदी २७ मार्च २०२३ ला थांबली, एक्सबॉक्स ३६० चं दुकान २९ जुलै २०२४ ला बंद झालं. आधी घेतलेलं पुन्हा डाउनलोड करता येत होतं, पण ज्यांनी 'नंतर बघू' म्हणून एखादी डीएलसी ठेवून दिली होती, त्यांना त्या यंत्रावर ती घेण्याचा मार्ग उरला नाही. जुन्या कन्सोलवर एखादा गेम अर्धा खेळून ठेवला असेल आणि त्याचं दुकान अजून चालू असेल, तर थांबण्याचा सल्ला तिथे लागू नाही. बंद होण्याची तारीख जाहीर झाली की हवी ती डीएलसी घ्या, ती कन्सोलवर उतरवून ठेवा आणि सेव्हची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढा. पीसीवर ही काळजी कमी करायची असेल, तर कॉपी-संरक्षणाशिवाय विकणाऱ्या जीओजीवरून घेतलेल्या डीएलसीची इन्स्टॉलर फाइल स्वतःच्या हार्ड डिस्कवर जपून ठेवता येते.